मामांची बाराबंदी आणि माझी निरगाठ

कल्लप्पामामांना सरकारी शब्दांचे अर्थ आपणच समजावून सांगायचे, असं मी एका रविवारी उपीट खाता खाता ठरवलं. निर्णय तसा लहानच होता. तोंडात घास होता आणि डोकं रिकामं होतं (ही, आमच्या सौभाग्यवतींच्या मते, माझी नेहमीचीच अवस्था). त्या घासाबरोबर मी तो निर्णयही गिळून टाकला असता, तर आज माझा उजवा घोटा शाबूत असता आणि आमच्या अख्ख्या बाळीवेस पेठेत माझी थोडीफार अब्रूही शिल्लक असती.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ आणि माझ्या बायकोचे वडील. दचकू नका. आमच्या सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात मामाची मुलगी करायची जुनी पद्धत आहे. तिचा फायदा असा, की लग्नात नवीन ओळखी करून घ्याव्या लागत नाहीत. तोटा असा, की सासऱ्यांनी तुम्हाला नाक गळताना पाहिलेलं असतं आणि ते ही गोष्ट विसरत नाहीत. धनलक्ष्मी मला लग्नाआधी 'शिवू' म्हणायची, लग्नानंतर 'अहो' म्हणते, आणि संतापली की परत 'शिवू'वर येते. त्यामुळे घरातलं हवामान मला पहिल्याच शब्दात कळतं.

मामांचं भुसार मालाचं दुकान होतं, पण दुकान हा त्यांचा जोडधंदा. खरं काम जानेवारीत. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे ते उंचच उंच नंदीध्वज निघतात ना, त्यातला एक पेलायला मामा असायचे. पांढरीशुभ्र बाराबंदी, डोक्याला फेटा, आणि चेहऱ्यावर असा भाव की खाली बघेन तर शपथ. मी लहानपणी गर्दीत ओरडायचो, "त्ये माझे मामा हायेत!" आणि शेजारच्या पोरांना ते खोटं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मामांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. मामी आधीच गेलेल्या, त्यामुळे मामा आमच्याकडे राहायला आले. व्यायामाने पाय थोडा चालायला लागला, काठीच्या आधाराने घरातल्या घरात फिरू लागले, पण हात काही उठेना. रस्त्यावर एकटं जायची सोय राहिली नाही. मागच्या यात्रेत नंदीध्वज गल्लीच्या तोंडावरून गेले आणि मामा घरात खुर्चीवर बसून फक्त हलग्यांचा आवाज ऐकत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आम्हीही मग नुसतंच ताटावर बसून उठलो.

ती खुर्ची आमच्या पुढच्या दारात आहे. तिथून मामांना रस्ता दिसतो, स्वयंपाकघर दिसतं आणि सगळ्यात जास्त म्हणजे मी दिसतो. "शिवू, ह्यो तिसरा च्या." "शिवू, लाइट चालू ठेवलास की." "शिवू, मोबाइलमध्ये बघून कशापायी हसालास?" मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क आहे. दिवसभर साहेबांच्या नजरेखाली असतो. संध्याकाळी घरी येऊन परत नजरेखाली. माझा मोकळा वेळ म्हणजे फक्त बसचा प्रवास, आणि तोही उभ्याने.

म्हणून, गुरूने जेव्हा सांगितलं, की दिव्यांगांच्या कार्डावर पुढे बॅटरीची तीनचाकी मिळायची योजना असते, तेव्हा मला दोन आनंद झाले. एक, मामांना यंदा यात्रेला जाता येईल. दोन, मामा बाहेर जातील. (गुरू म्हणजे आमच्या चौकातला भजीवाला. दुसरा आनंद मी त्याच्याजवळ बोलून दाखवला नाही, पण त्याने आपण होऊनच एक भजी जास्त दिली.)

ऑनलाइन नाव नोंदवलं. तपासणीच्या शिबिराची तारीख आली. आता प्रश्न राहिला मामांचा. म्हणून तो रविवार, ते उपीट आणि तो निर्णय.

"मामा," मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, "शिबिरात डॉक्टर काही शब्द वापरतील. ते आधी नीट समजून घ्या. पहिला शब्द, टक्केवारी. निदान चाळीस टक्के लागतात."

"चाळीस?" मामांचा चेहरा उजळला. "आमच्या टायमाला पस्तिसाला पास होतं. तरी मी कदी साठाच्या खाली आलो न्हाय."

"मामा, हे मार्क नाहीत. म्हणजे शरीर किती अडतं, त्याचं माप."

"मंजे जितकं कमी तितकं चांगलं."

"तब्येतीला चांगलं. पण कार्डाला जास्त हवं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. तेराचा पाढा म्हणताना मी अडकायचो, तेव्हा ते असेच बघायचे. मग मी माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं ठरवलं. माणसाने धंद्यातलं उदाहरण सासऱ्याला देऊ नये, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"असं बघा. आमच्याकडे टॉवेल तपासतात. एखाद्या टॉवेलला धागा सुटला, डाग पडला, तर तो किती बिघडलाय ते बघून बाजूला काढतात. सेकंड माल म्हणतात त्याला. पण तो टॉवेल पाणी तर टिपतोच की! तसंच..."

"मी सेकंड माल हाय व्हय?"

स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज थांबला.

"तसं नाही मामा..."

"धनू! तुजा नवरा मला सेकंड माल म्हणालाय!"

"शिवू!" आतून आवाज आला. हवामान कळलं.

मी घाईघाईने दुसऱ्या शब्दाकडे वळलो. कायमस्वरूपी आणि तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे बरं होण्यासारखं, कायमस्वरूपी म्हणजे... इथे मी थांबलो. मामा दाराबाहेर रस्त्याकडे बघत होते.

"तात्पुरतं लिवायचं," ते म्हणाले. "गड्ड्यापतोर हात येतोय माजा."

हेच ते दोन वर्षं म्हणत होते. माझ्यासारख्या माणसालाही कधी कधी गप्प बसायचं सुचतं, पण ते फार वेळ टिकत नाही, ही खरी अडचण.

कारण लगेच मला चालण्याची आठवण झाली. मामांची एक खोड होती. घरात पाय ओढत चालायचे, पण दारात कुणी परकं आलं की श्वास रोखून, छाती काढून, दात आवळून चार पावलं अशी टाकायचे की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांना काय धाड भरलीय! पाहुणा गेला की खुर्चीत कोसळायचे आणि तासभर घाम पुसायचे. आणि कुणी "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "एकदम आराम!" आमच्याकडे परक्या माणसापुढे रडगाणं गायचं नसतं. घरात खायला नसलं तरी पाहुण्याला "जेवून जावा" म्हणायचं, अशी आमची रीत. ती बाकी ठिकाणी शोभते. डॉक्टरपुढे मात्र नडते.

"शिबिरात तुम्ही घरी जसं चालता, तसंच चालायचं," मी बजावलं. "उगाच शान दाखवायची नाही. हे बघा, असं." आणि मी उठून पाय ओढत चालून दाखवलं.

"मी आसा चालत न्हाय."

"असंच चालता मामा."

"पाय आसा भाईर टाकतोय का मी? आसा टाकतोय, हितं," असं म्हणून मामांनी पाय कुठे पडतो ते दाखवायला काठी पुढे केली. त्याच क्षणी मी माझा पाय तिथेच टाकला. काठी माझ्या दोन पायांच्या मधे, मी टीपॉयवर, टीपॉय उपिटाच्या बशीवर. उजवा घोटा एवढा सुजला, की चप्पल चढेना.

मामा वाकून माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "आता बरूबर चालशील बग."

शिबिराच्या दिवशी सकाळी मी पायाला क्रेप बँडेज गुंडाळून लंगडत बाहेर आलो, तर मामा खुर्चीत बाराबंदी मांडीवर घेऊन बसलेले.

"मामा, हे कशाला?"

"सरकारी काम हाय. चांगलं कापड घालून जायचं, तूच म्हणालास की."

मी 'स्वच्छ' म्हणालो होतो. पण मामांचा आवाज असा होता, की वाद घालण्यात अर्थ नव्हता. धनलक्ष्मीने डोळ्यांनी मला गप्प केलं. बाराबंदीला नावाप्रमाणे बंदच बंद असतात. त्यांच्या गाठी मारायला दोन हात लागतात. मामांनी उजव्या हाताने एक बंद धरला, दातांत दुसरा धरायचा प्रयत्न केला, आणि मग हनुवटी वर करून बसून राहिले. मी पुढे झालो आणि गाठी मारायला लागलो.

इथे माझ्या नोकरीबद्दल एक सांगायला हवं. डिस्पॅचमध्ये आम्ही टॉवेलचे गठ्ठे सुतळीने बांधतो. तो माल टेंभुर्णीच्या चौकात तीन ट्रक बदलून पुढे जातो, हमाल फेकतात, पावसात भिजतो, पण माझी गाठ आजवर कधी सुटलेली नाही. दुहेरी पीळ, वरून फास, आणि शेवटी एक हिसका. हात सवयीचे गुलाम. मी मामांची बाराबंदी पार मुंबईला पाठवायची असल्यासारखी बांधली.

"लई आवळलीस रं," मामा म्हणाले.

"सुटणार नाही, काळजी करू नका," मी अभिमानाने सांगितलं.

शिबिराच्या फाटकाशी रिक्षातून आम्ही उतरलो, तो देखावा डोळ्यांपुढे आणा. पुढे फेटा बांधलेले, बाराबंदीतले कल्लप्पामामा. समोर चार परकी माणसं दिसताच छाती बाहेर, दात आवळलेले. मागे बँडेज बांधलेला, भिंतीला धरून उड्या मारणारा मी. आणि फाइल घेतलेली धनलक्ष्मी. दारातला स्वयंसेवक धावत व्हीलचेअर घेऊन आला आणि माझ्या ढुंगणाखाली सरकवून मोकळा झाला.

"अहो, मी नाही, ते..."

"बसा हो दादा, लाजायचं न्हाय," तो म्हणाला. "हितं समदे आपलेच हायेत."

मी उठायला लागलो तर घोट्यातून अशी कळ आली की परत बसलो. धनलक्ष्मी ढकलायला लागली. मामांनी उजवा हात व्हीलचेअरच्या दांडीवर ठेवला आणि तो आधार मिळताच चक्क झोकात चालायला लागले. रांगेतल्या एक म्हातारबाई त्यांना म्हणाल्या, "अप्पा, ह्या वयात पोराचं करताव. देव बगतोय वो." मामांनी मान किंचित झुकवून ते पुण्य स्वीकारलं.

खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "सोबत कोण आहे? नातं सांगा."

"मी. ते माझे मामा," मी सांगितलं.

"इथे सासरे लिहिलंय."

"सासरे पण आहेत."

"मग दोघांपैकी तपासणी कुणाची?"

"दोघं एकच आहेत."

बाईंनी आता मान वर केली. व्हीलचेअरमधल्या माझ्याकडे बघितलं, मग बाराबंदीकडे बघितलं, आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, "कोण कुणावर अवलंबून आहे, तेवढं सांगा."

हा शब्द मी शिकवला नव्हता. मामांनी वेळ न दवडता माझ्याकडे बोट केलं. "ह्यो. लहानपनापासनं."

आत डॉक्टर होत्या महेश्वरी बिराजदार. पस्तिशीच्या, हसऱ्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"रविवारपासून."

"रविवारपासून?" त्यांनी चष्मा काढला. "मग कार्ड कशाला? आठवडाभर बर्फ लावा."

धनलक्ष्मीने पुढे होऊन सगळा उलगडा केला. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, ओठ दाबले आणि माझी व्हीलचेअर स्वतःच कोपऱ्यात सरकवली. मग फाइलमधलं मामांचं नाव आणि गाव वाचून त्या एकदम कानडीत म्हणाल्या, "हेंगदीरी काका?" म्हणजे, कसे आहात.

संपलं. दोन वर्षांत परक्या माणसाने मामांना इतक्या मायेने त्यांच्या भाषेत विचारलं नव्हतं. मामांचा चेहरा फुलला. "आराम अदेन्री!" असं त्यांनी सांगितलं आणि बसल्या बसल्या आणखी दोन इंच उंच झाले. मी कोपऱ्यात कपाळाला हात लावला.

मग प्रश्नोत्तरं मराठीत सुरू झाली.

"जिना चढता?"

"चढतो की." (आमच्या घराला जिनाच नाही.)

"हातानं जेवता?"

"दोन भाकऱ्या." (आमची कडक भाकरी मोडायला दोन हात लागतात. धनलक्ष्मी ती स्वयंपाकघरातच मोडून, चुरून आणते, म्हणजे मामांना मागावं लागत नाही.)

"आंघोळ, कपडे?"

"समदं करतो. काय कमी न्हाय बगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला दिसत होतं, की तीनचाकी हळूहळू मागे मागे जातेय. यंदाही हलग्या वाजतील आणि मामा दारातल्या खुर्चीत बसून ऐकतील. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की हे खोटं बोलतायत. पण त्या माणसाकडे बघून ओरडता येईना. ते बाराबंदी घालून बसले होते.

"बरं. खांदा बघू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "बंद सोडा जरा."

मामांचा उजवा हात गाठीकडे गेला. गाठ हलली नाही. नर्सबाई पुढे आल्या. त्यांनी नखं लावली. मग पिन लावली. मग म्हणाल्या, "मॅडम, ही कसली गाठ आहे? कात्री घेऊ का?"

"कात्री न्हाय लावायची!" मामा असे कडाडले की बाहेरची रांग आत डोकावली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे बघायलाच पाहिजे होतं असं नाही, पण माझा चेहराच तसा झाला असणार. मी व्हीलचेअरवरून उतरलो, एका पायावर उड्या मारत मामांपर्यंत गेलो आणि गुडघ्यावर बसलो. बोटांनी काही होईना. मी स्वतःच्या हाताने मारलेली गाठ होती, तिची ताकद मला ठाऊक होती. शेवटी मी दात लावले. भरलेल्या खोलीत, नर्सबाई, डॉक्टर, बायको आणि दारातल्या आठ-दहा माणसांच्या देखत, मी माझ्या सासऱ्यांच्या छातीशी तोंड नेऊन एकेक बंद दातांनी सोडवत होतो. दारातून एकाने दुसऱ्याला विचारलं, "ह्ये पन तपासनीतच येतंय का?"

तिसऱ्या गाठीला डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काका, ह्या गाठी कुणी मारल्या?"

मामा बोलले नाहीत. माझ्या तोंडात बंद होता, म्हणून मीही नाही. (नसता तर बोललो असतो आणि सगळं बिघडवलं असतं. देव असतो तो असा.)

"आमच्या घरीपण बाराबंदी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माझे आजोबा दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतःच बांधायचे."

मामांची छाती खाली गेली. ते मला जाणवलं, कारण माझं नाक तिथेच होतं.

"मी बी सोताच बांदायचो," मामा म्हणाले. "माझी बांदून आनी पोरांची बांदायचो. ह्यानं बांदल्यात आज. शिवूनं." मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि टेबलावर आणून ठेवला. "ह्यो येत न्हाय बाई. जिना न्हाय चढत मी. भाकरी लेक मोडून देती. त्ये मला दिसत न्हाय आसं तिला वाटतंय."

धनलक्ष्मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला गलबलून आलं, आणि दातात बंद असताना माणसाला धड रडताही येत नाही.

यानंतरची तपासणी सरळ झाली. डॉक्टरांनी हात, खांदा, पाय, चालणं, सगळं नीट बघितलं, मोजलं. लिहायची वेळ आली तेव्हा मामांनी टेबलावर हात ठेवला. "कायमचं नगा लिवू. गड्ड्यापतोर..."

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. नियमानं मला कायमस्वरूपीच लिहावं लागणार. पण हे तुमच्या हाताबद्दल लिहितेय, तुमच्याबद्दल नाही. व्यायाम चालूच ठेवायचा. उद्या हात थोडा उठला तर हा कागद काही त्याला धरून ठेवत नाही."

मामांनी टेबलावरचा हात काढला नाही. "आनी तात्पुरतं आसलं तर काय हुतंय?"

"मुदत संपली की परत यायचं. परत सगळी तपासणी."

"परत शिबिर?"

"हो."

"मंजे त्येच्या आदी ह्यो मला परत शिकवनार?" मामांनी माझ्याकडे अंगठा दाखवला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठाला बाराबंदीचा दोरा चिकटलेला होता. "तशी शक्यता आहे," त्या म्हणाल्या.

"कायमचंच लिवा बाई," मामा म्हणाले. "घट्ट लिवा."

साठ टक्के आले. मामांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. घरी येताना रिक्षावाल्याला, चौकात गुरूला आणि गल्लीत भेटेल त्याला ते एवढंच सांगत होते: "फस्क्लास!"

कागदपत्रं, खेपा, फोन, पुन्हा खेपा, असं सगळं यथासांग होऊन डिसेंबरात बॅटरीची तीनचाकी दारात आली. निळ्या रंगाची, मागे सामानाला जाळी, आणि हॉर्न असा की म्हैस बिचकावी. मामा तिच्याभोवती काठी टेकत दोनदा फिरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तिसऱ्या दिवसापासून गाडी त्यांच्या हातात बसली. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, मग जुन्या दुकानाशेजारच्या मित्रांकडे गप्पा, दुपारी मंगळवार पेठेत चक्कर. दारातली खुर्ची रिकामी. मी पहिल्या दिवशी तिच्यात बनियनवर बसून चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी तिसरा चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी गुरूच्या गाड्यावर भज्यांची बशी हातात घेतली आणि मागे म्हशीला बिचकवणारा हॉर्न वाजला.

"शिवू! तेल हाय ते!"

घरात एका खुर्चीपुरती असलेली नजर आता ताशी काही किलोमीटर वेगाने अख्ख्या सोलापुरात फिरायला लागली होती. परवा तर ते आमच्या बसस्टॉपवर आले आणि मी बसमधून उतरून किती वेळाने घरी पोचलो, ते धनलक्ष्मीला सांगून मोकळे झाले.

आता यात्रेच्या आदल्या दिवसाचं सांगतो. मामा दाट गर्दीत गाडी नेणार होते. गर्दीत गाडी मागे कशी घ्यायची, हे त्यांना माहीत असलं पाहिजे, असं मला वाटलं. (मला वाटणं हाच आमच्या घरातला मोठा आजार आहे.)

"मामा, उतरा जरा. दाखवतो."

"मला येतंय."

"पुस्तिका मी वाचलीय मामा."

मामा उतरले. धनलक्ष्मीने दारातून "अहो" म्हटलं, मी बटण दाबलं, आणि गाडी मागे जायच्या ऐवजी पुढे गेली. पुढे कांद्याची हातगाडी होती. मी जिवाच्या आकांताने पाय खाली टाकला. तोच पाय. तोच घोटा. कांदे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तीनचाकीला ओरखडासुद्धा आला नाही. सरकारी वस्तू मजबूत असतात. 'अहो'चं 'शिवू' कधी झालं, ते मला त्या गोंधळात ऐकूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसूनच मामांची बाराबंदी बांधली. सगळ्या सुरगाठी. एका बोटाने ओढली की सुटेल अशी प्रत्येक गाठ. मामांनी एक ओढून बघितली, सुटली, मग म्हणाले, "शिकलास की रं." आणि हनुवटी वर करून ती मला परत बांधू दिली.

मला चालता येत नव्हतं आणि घरात राहवत नव्हतं. तेव्हा मामांनीच सांगितलं, "मागं बस." मागे म्हणजे सामानाच्या जाळीत. तोंड उलटं, पाय बाहेर, बँडेज सगळ्यांना दिसेल असं. धनलक्ष्मीने माझ्या मांडीवर पाण्याची बाटली आणि शेंगाचटणीची पिशवी ठेवली आणि आम्ही निघालो.

नंदीध्वज आले तेव्हा मामांनी गाडी कडेला घेतली. ध्वजांसोबत चाललेल्या जुन्या मानकऱ्यांनी मामांना ओळखलं. एकाने लांबून हात केला, दुसऱ्याने "कल्लप्पा!" म्हणून हाक मारली. मामांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, दोन्ही तळवे जुळवले आणि खाली न बघता नमस्कार केला. मला पाठमोराच दिसत होता तो नमस्कार, मान वळवून वळवून बघितला मी. शेजारच्या कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, की त्ये माझे मामा हायेत. सांगितलंही असतं.

पण शेजारी शेंगा विकणाऱ्या एक बाई होत्या आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या. बँडेजकडे, जाळीकडे, मांडीवरच्या बाटलीकडे. मग त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर शेंगा टाकल्या, पैसे घ्यायला मानेनेच नाही म्हटलं आणि पुढे होऊन मामांना विचारलं, "अप्पा, पोरगं हाय का तुमचं?"

"जावय हाय."

"आरं देवा. लेकीचं नशीब! काय कायमचं हाय का वो?"

मामांनी मागे वळून माझ्याकडे अगदी नीट निरखून बघितलं. मग त्या बाईंकडे वळून एक सुस्कारा सोडला.

"डागदर तात्पुरतं म्हनत्यात," ते म्हणाले. "पर मला काय आशा वाटत न्हाय बगा."